भाऊरावांचं पाणी

आमच्या ह्यांना सगळी वस्ती भाऊराव म्हणते. मी अहो म्हणते, आणि डोकं फिरलं की जे म्हणते ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. गेलं वर्षभर माझं डोकं फिरलेलंच आहे. म्हणून आधीच सांगून ठेवते, मधेच तोंड सुटलं तर सांभाळून घ्या.

नाहूर स्टेशनच्या पश्चिमेला टॉवरांच्या पायथ्याशी आमची संजीवनी चाळ आहे. लग्न झालं तेव्हापासून इथंच. हे मुलुंडला औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होते, आता रिटायर. पण त्यांचं खरं काम म्हणाल तर पक्षाचं. पक्ष कुठला ते सांगत बसत नाही. जुना, मोठा, एके काळी ज्याचं तिकीट मिळालं की दगडसुद्धा निवडून यायचा, तोच. माझ्या माहेरचे सगळे निळ्या झेंड्याचे. माझ्या भावानं भर मांडवात ह्यांना विचारलं होतं, "दाजी, तुम्ही तिकडं कसे काय?" तर हे म्हणाले, "वस्तीत नळ त्यांनी आणला." झालं. नळ आला म्हणून जन्मभर सतरंज्या उचलल्या ह्या माणसानं. ना नगरसेवक झाले, ना कुठल्या कमिटीवर गेले. भिंतीवर एक ग्रुप फोटो आहे, त्यात ह्यांचा अर्धा कान दिसतो.

आता पाण्याचं सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यावरच झालं.

ह्यांचं गाव बुलढाण्याकडचं. लहानपणी गावात कुणाच्या दारात पाणी मागितलं तर वरून ओंजळीत ओतायचे, भांडं हाताला लागू द्यायचे नाहीत. सासूबाई ह्यांना म्हणायच्या, जो आपल्या घरचं भांडं तुझ्या हातात देईल त्याच्याशी लबाडी करू नकोस. हे मुंबईला आले, पक्षाचं काम करायला लागले, आणि पहिल्याच प्रचाराला परबकाकूंच्या दारात गेले. परबकाकू सावंतवाडीकडच्या, चाळीत सगळ्यात खट म्हातारी. ती म्हणाली, "भायर काय उभो? बस." आणि घरातला तांब्याचा पेला भरून ह्यांच्या हातात दिला. हे उंबऱ्यावर बसले, प्यायले. पक्षानं शिकवून पाठवलं होतं की दोन महिन्यांत नवीन संडास बांधून देतो असं सांगा. ह्यांच्या तोंडातून ते निघेचना. म्हणाले, "काकू, संडासाचं काही खरं नाही. पण मी मागं लागेन." काकू खो खो हसल्या. म्हणाल्या, "खरा बोललंस. मत तुका."

तेव्हापासून नेमच पडला. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी, भोंगे बंद झालेले असायचे तेव्हा हे एकटे चाळीत फिरायचे. प्रत्येक दारात उंबऱ्यावर बसायचे, पाणी मागायचे, प्यायचे आणि एवढंच म्हणायचे, "उद्या सकाळी लवकर." भाषण नाही, काही नाही. पाणी प्यायला म्हणजे माणूस खोटं बोलत नाही, हे आमच्या चाळीत पोरासोरांनाही ठाऊक. बायका पेला घासून तयार ठेवायच्या. "भाऊरावांचं पाणी" असं नावच पडलं होतं त्या संध्याकाळचं. हे त्या दिवशी दुपारपासून घरी थेंब घ्यायचे नाहीत, पोटात जागा ठेवायला. आणि मग रात्रभर संडासच्या वाऱ्या. मी म्हणायचे, "अहो, मतं आणताय की टाकी भरताय?"

परबकाकू गेल्या. त्यांच्या सुनेनं, रत्नप्रभानं, दारातच पोळीभाजीचं केंद्र काढलं आणि ती पण ह्यांच्याबरोबर पक्षाचं काम करायला लागली. नवरा लवकर गेला तिचा. हुशार, धीट, ह्यांना काका म्हणायची आणि मला काकी. मोर्चा असो, रेशनचं भांडण असो, रत्नप्रभा पुढं. वीस वर्षं राबली. हे नेहमी म्हणायचे, "ही एक दिवस नगरसेविका होणार बघ." आणि खरंच, पालिकेला आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. म्हटलं, आली गं बाई वेळ. सगळी चाळ तेच म्हणत होती.

पण त्याच्या आधी विधानसभा आली, आणि तिथंच माशी शिंकली.

पक्षानं तिकीट कुणाला दिलं? पलीकडून उडी मारून आलेल्या एका बिल्डरच्या भागीदाराला. ह्याच माणसानं मागच्या चाळीतल्या लोकांना नवीन बिल्डिंगचं गाजर दाखवून संक्रमण शिबिरात टाकलं होतं. ती माणसं अजून तिथंच सडतायत. आमच्या भिंतीला भिंत लागून होती त्यांची. त्यांच्यातल्या भीमराजची आई तिथंच गेली, पत्र्याखाली. हे तिच्या मयताला जाऊन आले होते. आणि आता त्याच माणसासाठी ह्यांनी दारोदार जायचं!

गेले. मी म्हटलं होतं, "पोट दुखतंय म्हणून घरी झोपा." तर म्हणाले, "सोनू, पक्षाचं काम आहे." आदल्या संध्याकाळी नेहमीसारखे निघाले. त्या वर्षी रत्नप्रभा पण बरोबर होती, चिठ्ठ्या वाटायला. हे परत आले ते थेट माठाकडे गेले आणि तीन पेले पाणी प्यायले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. मी म्हटलं, "पोट बरं नाही का?" तर "हूं" म्हणाले. त्या रात्री एकदाही उठले नाहीत.

सकाळी पहिलं मत ह्यांनीच टाकलं, आणि पक्षालाच टाकलं. मी कुठलं बटण दाबलं ते विचारू नका, माहेरचा झेंडा सांगितलाय मघाशी.

निकाल लागला. पक्षाची सगळीकडेच वाट लागली, त्यात आमची संजीवनी चाळ पण गेली. जो बूथ कुठल्या लाटेत पडला नव्हता, तो आपटला. ऑफिसात सुतक. मग वरून आदेश आला की घराघरात जा, हात जोडा, आमचं कुठं चुकलं ते विचारा. नाहीतर पालिका पण हातची जाईल. आमचे राजाराम सर म्हणून वॉर्ड अध्यक्ष आहेत, कोचिंग क्लासवाले, त्यांनी रविवारपासून सुरुवात करा म्हणून सांगितलं. हे, रत्नप्रभा आणि मी, तिघं निघालो.

पहिलंच दार लताचं. हे हात जोडून म्हणाले, "लता, काय चुकलं आमचं?"

लतानं ह्यांच्याकडे असं बघितलं, जसं काही हे चेष्टा करतायत. म्हणाली, "काय भाऊराव, तुम्हीच विचारता? त्या दिवशी तुम्ही पाणी घेतलं नाहीत ना. उभ्या उभ्या गेलात. आम्ही काय समजायचं ते समजलो."

ह्यांचा चेहरा असा झाला की मी पटकन दंड धरला. पुढच्या दारात तेच. त्याच्या पुढच्या दारात म्हातारा खुशीत येऊन म्हणाला, "झालं ना मनासारखं? आम्ही बरोबर ओळखलं. आता तरी बसा, पाणी घ्या." आणि पेला पुढं केला. हे म्हणाले, "नको, आत्ताच प्यालोय." कुठं प्यायले होते! सकाळपासून चहाशिवाय काही नव्हतं पोटात. रत्नप्रभा मागं उभी होती. ओळीतली उरलेली दारं आम्ही कशी उरकली ते आम्हालाच माहीत.

घरी आल्यावर हे पलंगावर बसून राहिले. म्हणाले, "मी खोटं बोललो नाही गं. खोटं बोलवेना म्हणून तर पाणी घेतलं नाही." मी म्हटलं, "मग झालं तर. चांगलं केलंत. पडला तो मेला." पण त्यांना ते पुरेना. पक्षाचं मीठ खाऊन पक्षाचा बूथ आपणच पाडला, हे त्यांना काही गिळवेना. इथवर मला माझ्या नवऱ्याचा अभिमानच होता, खोटं कशाला बोलू. पुढचं ऐका.

पंधरा दिवसांनी मुलुंडच्या ऑफिसात बैठक होती. वॉर्डातून कुणाचं नाव वर पाठवायचं ते ठरायचं होतं. आम्ही बायका मागं खुर्च्यांवर. रत्नप्रभानं ठेवणीतली साडी नेसली होती. राजाराम सर उठले आणि म्हणाले, "नाव पाठवायच्या आधी एक गोष्ट स्पष्ट व्हायला पाहिजे. संजीवनी चाळीचा बूथ विकला गेला. मतदानाच्या दिवशी समोरच्या पक्षाच्या पोरांना जेवण कुणाच्या किचनमधून गेलं?"

जेवण गेलं होतं रत्नप्रभाकडून. लपवाछपवी नव्हती. ऑर्डर आली, तिनं पोळीभाजी दिली. रागावली की ती सासूच्या बोलीत जाते. ताडकन उभी राहिली. "सर, भाकरेक पक्ष नसता! माजा पोट त्याच्यार आसा. म्हणान मी बूथ विकलंय?"

"मी कुठं म्हटलं विकला? मी विचारतोय." सरांनी लगेच मऊ आवाज काढला. असले मऊ आवाज मी चांगली ओळखते. मग ह्यांच्याकडे वळले. "भाऊराव, तुम्ही त्या बूथचे सगळ्यात जुने. तुम्ही रोज तिथं असता. तुम्हीच सांगा, बूथ कशामुळे गेला?"

सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. ह्यांच्या पुढ्यात पाण्याची सीलबंद बाटली होती. हे तिचं बूच नुसतं फिरवत राहिले, उघडलं नाही. मी मनात म्हटलं, बोला. अहो, बोला ना. एक वाक्य आहे. रत्नप्रभा पण बघत होती, अगदी शांत, मान थोडी वाकडी करून.

हे म्हणाले, "मला काही कल्पना नाही, सर."

मेले मी तिथंच. दगडाखाली हात सापडला असता तर तो सोडवता आला असता, पण हे कसं सोडवायचं? रत्नप्रभाचं नाव कापलं गेलं. तिकीट सरांच्या वहिनीला, जिला आमच्या चाळीचा रस्ता विचारावा लागतो. तिच्याकडे महिला आघाडीचं पद होतं, तेही काढून घेतलं. आणि ह्यांना काय मिळालं? शाल, नारळ आणि "बूथ समन्वयक" असं पद! चाळीस वर्षांत पहिलं पद. ती शाल ह्यांनी घरी आल्या आल्या पलंगाखालच्या ट्रंकेत घातली. रत्नप्रभा आमच्याबरोबर परत आली नाही. रिक्षा करून एकटीच गेली.

त्यानंतर घरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. हे माझ्या हातचं पाणी घेईनात. मी पेला पुढं केला की "ठेव" म्हणायचे, आणि मग स्वतः उठून माठातलं काढून प्यायचे. पहिल्यांदा वाटलं, म्हातारपण, चक्रमपणा. मग एका सकाळी तांदूळ निवडता निवडता ताट आपटलं आणि म्हटलं, "काय चाललंय? माझ्या हाताला काय झालंय?"

म्हणाले, "तुझ्या हातचं प्यायलो तर तू विचारशील, का बोलला नाहीत. मग खरं सांगावं लागेल."

"मग सांगा ना!"

म्हणाले, "भ्यालो. गद्दार म्हणतील म्हणून भ्यालो, सोनू. आयुष्यात दुसरं काही केलं नाही मी. तेवढं एक नाव होतं." आणि रडायला लागले. लग्नानंतर दुसऱ्यांदा बघितलं मी त्यांना रडताना. मला दया पण आली आणि संतापही आला. म्हटलं, "तुमचं नाव राहिलं, आणि तिचं? तिचं काय नाव नव्हतं? चला, उठा. पायात चपला घाला."

रत्नप्रभा तव्यावर पोळ्या टाकत होती. गॅस बंद केला नाही तिनं. हे उंबऱ्यावर बसले, जिथं पहिल्यांदा परबकाकूंनी बसवलं होतं तिथंच. म्हणाले, "रत्नप्रभा, पाणी दे."

तिनं पोळी उलटली. "काकानू, पाणी पियालास की मगे खरा बोलूचा, ह्यो तुमचो नेम. माज्याकडे उलटा आसा. आधी खरा, मगे पाणी. आणि हय नको. थय सांगा, सगळ्यांच्या समोर."

"तुला माहीत होतं?"

"लताच्या दारात मी तुमच्या बाजूक उभी होतंय. माका कान नाय?" मग ती पहिल्यांदा ह्यांच्याकडे वळली. "थयसर मीय बोलाक शकली असतंय. बोललंय नाय. माका वाटला, काका बोलतीत."

ह्यांना उठायला माझा हात लागला.

पुढच्या रविवारी वहिनींच्या प्रचाराचा नारळ फुटायचा होता. ऑफिससमोर मांडव, खुर्च्या, ढोलताशा. ह्यांनी कुणाला न विचारता माईक हातात घेतला. सगळं बोलले. पाण्याचा नेम, मागच्या चाळीतली माणसं, उभ्या उभ्या केलेली फेरी, सगळं. म्हणाले, "बूथ रत्नप्रभानं विकला नाही. बूथ माझ्यामुळं गेला. बैठकीत मी खोटं बोललो. तिला तिचं पद परत द्या."

आणि राजाराम सरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली हो! पुढं येऊन ह्यांच्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, "बघा! ह्याला म्हणतात जुना कार्यकर्ता. शेजारणीचा दोष स्वतःच्या अंगावर घेतोय. पेलाभर पाण्यानं कधी बूथ जातो का? असली मोठ्या मनाची माणसं आहेत म्हणून पक्ष उभा आहे!" सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला. मी मागून ओरडले, "अहो, खरं बोलतायत ते!" तर बाजूच्या बायकांनी मला खाली बसवलं, "काकी, तुम्ही भावूक झालात." ह्यांच्या गळ्यात हार पडला. आणि हे... पुन्हा माईक मागायला पाहिजे होता. हार काढून भिरकावायला पाहिजे होता. हे तसेच उभे राहिले, हारात.

संध्याकाळी रत्नप्रभाकडे गेलो. तिनं विचारलं, "बोललात?"

"बोललो."

"मगे?"

"टाळ्या वाजवल्या," हे म्हणाले.

ती आत गेली, सासूचा तो तांब्याचा पेला घेऊन आली, भरून ह्यांच्या हातात दिला. कबूल केलं होतं ना तिनं. हे सगळा प्यायले, एका दमात. पेला खाली ठेवायच्या आत तिनं विचारलं, "काका, उद्यापासून त्या बाईच्या प्रचाराला जाणार?"

मी मनात म्हटलं, म्हणा नाही. एवढं तरी म्हणा.

पण पाणी प्यायलं होतं. हे म्हणाले, "जाणार. घरी बसून मी काय करू? दुसरं काही मला येत नाही."

रत्नप्रभानं मान हलवली. पेला उचलला, मोरीत नेऊन घासला आणि फळीवर पालथा घातला. "खरा बोललास," एवढंच म्हणाली. सासू म्हणायची तसंच. फक्त हसली नाही. मग म्हणाली, "येवा आता." आणि तव्याकडे वळली.

पालिकेच्या मतदानाची आदली संध्याकाळ आली. मी बघत होते, ह्यांनी दुपारपासून पाणी बंद केलं नाही. उलट निघायच्या वेळेला माझ्यापुढं हात केला. "तांब्या दे." भरलेला तांब्या माझ्या हातून घेतला आणि तिथंच उभ्यानं रिकामा केला. म्हणाले, "आज कुणी आग्रह केला तरी पोटात जागा नको."

तासाभरातच परत आले. चाळीत काय घडलं ते चाळीला कळायला वेळ लागत नाही. बैठकीत कोण गप्प बसलं आणि कुणाचं तिकीट गेलं, हे लतापासून भीमराजपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. हे चपला काढून पलंगावर बसले. मी विचारलं, "काय हो, फार आग्रह झाला का?"

म्हणाले, "नाही. कुणी पाणी विचारलंच नाही."